मधली केबिन

माणूस जागेच्या बाबतीत जितका हट्टी असतो तितका तो दुसऱ्या कशाच्या बाबतीत क्वचितच असेल. पंगतीत दाराजवळचे पान नको, नाटकाला खांबाआडची खुर्ची नको, एस.टी.त मागच्या चाकावरचे बाक नको आणि आगगाडीत खिडकी मात्र हवीच. आमच्या शाळेत जून महिन्यात वर्ग भरले की पहिला आठवडा मुलांच्या बाकांवरून होणाऱ्या भांडणांत जातो. शिक्षकांच्या खोलीत पंख्याखालच्या खुर्चीवरून तीच भांडणे वर्षभर चालतात. मुलांत आणि मोठ्यांत फरक तो एवढाच. मला स्वतःला ह्या खटपटीत कधी गोडी वाटली नाही. मिळेल तिथे टेकावे, वही काढावी आणि कादंबरीचे अडलेले प्रकरण पुढे ढकलावे, असा माझा शिरस्ता. पण आयुष्यात एकदा एका जागेसाठी मी तीन आठवडे नकाशे काढीत बसलो होतो. ती जागा एका जहाजातली होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती.

2016 सालची गोष्ट. वडिलांचे वर्षश्राद्ध होऊन गेले होते. वर्षभर आई घराबाहेर पडली नव्हती म्हटले तरी चालेल. दिवसा ती कामात असे, पण रात्री तिच्या खोलीतला दिवा दोन दोन वाजेपर्यंत जळत राही. विचारले तर "झोप नाही येत" एवढेच उत्तर. दिवाळीच्या सुटीत तिला कुठेतरी हिंडवून आणावे असा बेत आम्ही भावंडांनी केला. पुण्याच्या दादाने काशी सुचवली, धाकटीने रामेश्वर. आईने दोघांचेही ऐकून घेतले आणि वाती वळता वळता म्हणाली, "मला बोटीत बसवा."

आई विजयदुर्गकडची. तिचे वडील मुंबईला गिरणीत. मे महिन्यात आजी मुलांना घेऊन बोटीने मुंबईला जाई आणि पाऊस लागायच्या आत परते, कारण पावसाळ्यात त्या बोटी बंद असत. पुढे लग्न होऊन आई घाटावर आली, आणि कृष्णेच्या पुराखेरीज मोठे पाणी असे तिने पुन्हा पाहिलेच नाही. कोकणच्या बोटी तर केव्हाच इतिहासजमा झाल्या. 2018 साली मुंबई–गोवा मार्गावर 'आंग्रिया' नावाचे जहाज सुरू झाले खरे, पण आमच्या वेळी तेही नव्हते. मग चौकशा करता करता लक्षद्वीपचे नाव निघाले. कोचीहून जहाज सुटते, रात्री समुद्रावर आणि दिवस बेटांवर काढायचे, कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटे पाहून पाचव्या दिवशी परत. प्रवेशाचा परवाना तेवढा आधी काढावा लागतो. जहाजाचे नावही 'कवरत्ती'च. विशाखापट्टणमच्या गोदीत बांधलेले, सुमारे 700 उतारूंचे. हल्ली परदेशात सात सात हजार माणसे पोटात घेऊन फिरणारी जहाजे निघाली आहेत. त्यांच्यापुढे हे म्हणजे गल्लीतले बिऱ्हाड. पण मला ते आकाराने आवडले. ज्या जहाजात वाट चुकायला वाव नाही, त्यात म्हातारे माणूस निर्धास्तपणे हिंडते.

अर्जात दोन वर्ग होते. वरचा 'डायमंड', म्हणजे दोघांची केबिन; खालचा 'गोल्ड', म्हणजे चौघांची, दोन बिछाने खाली आणि दोन वर. ह्याखेरीज बंकचा एक वर्ग असतो. त्यातून बेटावरची माणसे आपापल्या कामांसाठी ये-जा करतात. आम्ही जाणार चौघे : आई, मी, सौ. आणि आमची चौथीतली कन्या.

दादाचा फोन आला. "आईला वरचा वर्ग घे. पैसे मी देतो."

दादा मनाने मोठा आहे ह्यात शंका नाही. पण उत्तम म्हणजे महाग आणि महाग म्हणजे उत्तम, हे त्याचे गणित लहानपणापासून ठरलेले आहे. मुख्य म्हणजे आई राहते माझ्याकडे, पैसे पाठवतो तो, आणि ह्या दोन गोष्टींत जास्त मोलाची कोणती हा प्रश्न आम्हां भावांत कधी कोणी तोंडाने काढीत नाही. तो असा केबिनच्या रूपाने निघतो. मी म्हणालो, "बघतो." बघतो म्हणणे हा धाकट्या भावांचा जुना बचाव आहे.

आणि मी खरोखरच बघू लागलो. आईला चक्कर येण्याची व्यथा होती. आमच्या डॉक्टरांनी सांगितले होते की दोष डोक्यात नसून कानात आहे. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांतला द्रव हलला की आपण हललो हे मेंदूला कळते. बोट लागते तीही ह्याच मार्गाने. केबिनच्या भिंती स्थिर आहेत असे डोळे सांगतात, कान सांगतो की जमीन हलते आहे, आणि दोन साक्षी विसंगत निघाल्या की शिक्षा पोटाला होते. तेव्हा आईसाठी चांगली केबिन म्हणजे कमीत कमी हलणारी केबिन, एवढे पक्के झाले.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि त्यापुढे चित्रकलेच्या शिक्षकाचे, त्यामुळे जहाजाचे शास्त्र मला सूत्रांनी कळणार नाही; चित्राने कळते. मी फळ्यावर जहाज काढले. बागेत मुलांची वरखाली होणारी फळी असते, तसे जहाज लाटेवर पुढून उठते आणि मागून बसते. फळीच्या टोकाला बसलेले मूल हातभर उचलले जाते, मधल्या आसाजवळ बसलेले जागचे हलत नाही. म्हणजे नाळेकडची केबिन नको, सुकाणूकडचीही नको. दुसरी गोष्ट, जहाज कुशीवर डोलते तेव्हा ते झाडासारखे डोलते. शेंड्यावरचा कावळा मोठा झोका घेतो, बुंध्याजवळचा सरडा निवांत असतो. म्हणजे जितके वर तितका हेलकावा मोठा. जहाजावर वरच्या मजल्यांना भाव असतो तो देखाव्याचा. पोटातले पाणी हलू द्यायचे नसेल तर खाली उतरावे आणि मध्यभागी राहावे. थोडक्यात, पैसा माणसाला वर नेतो आणि आराम खाली असतो. हे मी सौ.ला ऐकवले तेव्हा ती म्हणाली, "वाक्य चांगलं आहे. कादंबरीत घाला. पण भाऊजींना सांगू नका."

मग एकातून एक बारकावे निघत गेले. नाळेकडच्या केबिनींना लाटांच्या थडाका जास्त बसतात, शिवाय नांगराची साखळी तिथूनच सुटते. बेटापाशी जहाज पहाटे उभे राहिले की डोक्यावर लोखंडाचा धबधबा कोसळल्यासारखा आवाज होतो. मागच्या बाजूला यंत्राची आणि पंख्याची थरथर. जिन्यालगत रात्रभर पावले, भटारखान्याजवळ फोडणीचा वास, स्वच्छतागृहाशेजारी दारांची आदळआपट. खिडकी आहे म्हणून हुरळून जावे तर तिच्यासमोर नेमकी जीवरक्षक होडी टांगलेली असते आणि प्रवासभर तिचे पोट पाहत बसावे लागते. किंवा खिडकी फिरायच्या सज्जावर उघडते आणि येणारे-जाणारे आत डोकावतात. बिछाना कसा मांडला आहे हेही पाहावे लागते. जहाजाच्या लांबीला धरून असेल तर डोलताना माणूस कुशीवर लोळतो. रुंदीला धरून असेल तर एकदा डोके वर, एकदा पाय वर. ज्याला जे सोसते त्याने ते घ्यावे. आईला पाय वर जाणे मुळीच सोसले नसते.

उजवी बाजू की डावी, हाही एक प्रश्न मी अकारण चघळला. विलायतेहून हिंदुस्थानात येणारे साहेब तांबड्या समुद्राच्या पुढे पूर्वेकडे येताना डावीकडची केबिन घेत, कारण ती उत्तरेची, सावलीची. परत जाताना उजवीकडची. त्यातल्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून 'पॉश' हा शब्द झाला, अशी कथा आहे. कथा इतकी सुबक आहे की ती खोटी असणार हे कोणाही कादंबरीकाराला वासावरून कळावे. कोशकारांनाही तिला पुरावा सापडलेला नाही. आमचे जहाज कोचीहून पश्चिमेला जाणार, म्हणजे आमच्या बाबतीत सारेच उलटे. जाताना उजवी बाजू सावलीची. एवढा शोध लावून झाल्यावर कन्येने विचारले, "बाबा, पण बोट रात्रीच चालते ना?" मी नकाशा गुंडाळून ठेवला.

कोचीच्या एका गृहस्थांमार्फत आमची तिकिटे निघायची होती. त्यांना मी फोनवर हे सारे पढवले : मधली द्या, खालची द्या, जिन्यापासून दूर द्या. ते शांतपणे म्हणाले, "सर, सब केबिन अच्छा है." मग थोडा वेळ थांबून म्हणाले, "माताजी आहेत का बरोबर? मग मी सांगून ठेवतो." माझ्या साऱ्या शास्त्रापेक्षा हा एक शब्द जास्त उपयोगी पडला.

पण वर्ग कोणता हे ठरायचेच होते. एके रात्री जेवणे झाल्यावर मी आईसमोर कागद पसरला आणि मध्यावर बोट ठेवून म्हणालो, "ही जागा."

तिने चष्मा लावून पाहिले. "आमची आई असंच म्हणायची."

मला आजीच्या डेकची हकीकत नव्याने कळली ती तेव्हा. त्या बोटींत बहुतेक साऱ्या प्रवाशांची जागा डेकवर. आत शिरल्याबरोबर वळकटी फेकून जागा अडवायची, हीच त्या काळची केबिन निवडण्याची रीत. गडी माणसे हवेसाठी कठड्याकडे धावत. आजी मात्र ओरडे, "मधी टाक, मधी!" कठड्याशी पाणी उडते, धुरांड्याशी आच लागते, शिडीशी माणसे तुडवून जातात. ट्रंका आणि फणस ह्यांची भिंत रचून आजी त्यात मुलींना निजवी आणि अंगावर चादर ओढून बजावी, समुद्राकडे बघायचे नाही. त्याला कारणही होते. आईच्या जन्माआधी वर्षभर, 17 जुलै 1947 रोजी, रेवसला निघालेली 'रामदास' बोट मुंबईपासून थोड्या अंतरावर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आजीच्या पिढीने ते भय मरेपर्यंत बाळगले. त्यामुळे आई इतक्या वेळा समुद्रावरून गेली, पण रात्रीचा समुद्र तिने ऐकला तेवढा, पाहिला नाही.

"म्हणून म्हणते, लहानशी का होईना, खिडकी बघ," ती म्हणाली.

"मग डायमंडच घेऊ का? तू आणि ही एका केबिनमध्ये. शांतता असेल. दादाही तेच म्हणतो."

आईने कागदाची घडी घालायला सुरुवात केली. घडी घालता घालता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "शांतता नको रे. शांततेनंच तर झोप येत नाही. पंचेचाळीस वर्षं हे शेजारच्या खाटेवर घोरायचे. तेव्हा राग यायचा, उठून हलवायची मी त्यांना. आता कान लावून बसते. चौघांची घे. तू घोरतोस ना?"

"घोरतात," सौ. आतून म्हणाली.

म्हणून आम्ही चौघांची केबिन घेतली. दादाला मी एवढेच कळवले की दोघांच्या केबिनी भरल्या आहेत. हे खोटे होते आणि ते मी पुन्हाही बोलेन.

कोचीच्या विलिंग्डन बेटावरून आम्ही जहाजात चढलो. माताजींच्या नावाने सांगून ठेवल्याचा गुण आला होता. केबिन जवळजवळ मधोमध आणि खालच्या अंगाला मिळाली. दोन खाली, दोन वर असे अरुंद बिछाने, चार कपाटे आणि परातीएवढी एक गोल खिडकी, तिला जाड काच, कधीही न उघडणारी. शाळेतल्या माझ्या रंगसाहित्याच्या खोलीपेक्षा ती मोठी नव्हती. यंत्रघर मी समजत होतो त्याहून जवळ असावे, कारण जहाज सुटताच जमिनीतून एक संथ, जाड, न थांबणारी घरघर येऊ लागली. एका बाजूला फोर्ट कोची, दुसऱ्या बाजूला वायपीन, दोन्ही काठांवर पाण्यावर वाकलेली चिनी जाळी. त्यांच्यामधून जहाज खुल्या समुद्रावर आले आणि पहिला हेलकावा बसला. सौ.ने आलेपाकाचा डबा काढला. आईने कठडा न धरता डेकवर चार पावले टाकून पाहिली आणि हसली. वर्षभरात ते हसू मी पाहिले नव्हते.

रात्री तिने केबिनमधले दिवे मालवायला लावले. दिवा असला की त्या काचेत फक्त आपलेच तोंड दिसते. अंधार झाल्यावर बाहेर आधी काहीच दिसेना. मग काळ्यात काळे हलते आहे असे दिसू लागले, आणि जहाजाच्या अंगावरून कापून निघणाऱ्या पाण्याचा पांढरा फेस. ते पाणी खिडकीच्या इतके जवळून जात होते की कन्या घाबरून माझ्या बिछान्यावर आली. आई गुडघे पोटाशी घेऊन खिडकीशी बसली होती. मी वरून विचारले, "गरगरतंय का?"

"नाही. गप्प राहा."

मला झोप येईना. हलणे फारसे नव्हते, माझे चित्र खरे ठरत होते. पण त्या घरघरीने डोके भणभणले. यंत्राजवळची केबिन टाळावी असे मी स्वतःच ज्याला त्याला बजावीत होतो! मनात म्हटले, आईची आज पुन्हा जागरणाची रात्र. खाली वाकून पाहिले. ती कुशीवर निजली होती, एक तळवा लोखंडी भिंतीला टेकवून. ती थरथर तळव्यातून तिच्यापर्यंत पोचत असावी. श्वास संथ चालला होता. मी घड्याळ पाहिले. साडेदहा वाजले होते. पहाटे जहाज थांबले, यंत्र बंद झाले, आणि तेवढ्यानेच तिला जाग आली. "का थांबलं?" तिने पहिला प्रश्न विचारला तो हा.

बेटांचे वर्णन मी इथे करीत बसत नाही. निळ्या पाण्याला जितक्या उपमा द्याव्यात तितक्या कमीच, आणि कवरत्तीच्या उज्रा मशिदीतले कोरीव छत शब्दांत सांगण्यासारखे नाही. मिनिकॉयला 1885 साली बांधलेले दीपगृह आहे. त्याच्या पायऱ्या कन्या धावत चढली आणि मी बसत बसत. कल्पेनीची मात्र एक गोष्ट सांगायला हवी. तिथे जहाज खाजणाच्या बाहेर उभे राहिले आणि आम्हांला न्यायला लहान होड्या आल्या. जहाजाच्या कुशीतले दार उघडले. खाली होडी लाटेवर हातभर वर येई आणि हातभर खाली जाई. सुटाबुटातले एक गृहस्थ दारात अडून बसले. पाय उचलावा आणि होडी निसटावी, असे चार वेळा झाले. मागे रांग खोळंबली.

आई पुढे सरकली. "पडाव इलो," ती पुटपुटली. चाळीसेक वर्षे तिच्या तोंडी न आलेली मालवणी. तिने पदर खोचला, होडी पाहिली, एक लाट जाऊ दिली, दुसरी जाऊ दिली, आणि तिसरीला होडी वर येऊन क्षणभर थांबते त्या क्षणी खलाशाच्या मनगटावर हात ठेवून सहज उतरली. उंबरठा ओलांडावा तशी. मग मान वर करून त्या गृहस्थांना म्हणाली, "खाली जाताना नाय, वर येते तेव्हा पाय टाकायचा." खलाशी मल्याळीत काहीतरी म्हणाला. त्याचा अर्थ मला कळला नाही, पण त्याने नंतर साऱ्या उतारूंना आईकडे बोट दाखवून तसे करायला सांगितले.

परतीच्या रात्री समुद्र थोडा खवळलेला होता. वरच्या मजल्यावरची पुष्कळ मंडळी फिकट चेहऱ्यांनी जेवणघरातून माघारी गेली. त्यात दोघांच्या केबिनीतले एक सुखवस्तू जोडपे होते. बाई जिन्यात बसून राहिल्या, वर जायला तयार होईनात. आईने त्यांना आमच्या केबिनमध्ये आणले, आपल्या बिछान्यावर निजवले, आल्याचा तुकडा दिला आणि स्वतः खिडकीशी जमिनीवर चादर अंथरली. मी माझा बिछाना देऊ केला तर म्हणाली, "डेकची सवय आहे मला." पाच जणांनी भरलेल्या त्या खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. त्या बाई झोपल्या, आई झोपली. खालून यंत्राची घरघर चालली होती, आणि सौ.च्या मते वरून माझीही.

सकाळी कोचीच्या धक्क्यावर उतरलो तोच दादाचा फोन आला. त्याने आधी आईलाच मागून घेतले. प्रकृती, जेवण, चक्कर, सारे विचारून झाल्यावर त्याने मुद्द्याला हात घातला.

"आणि केबिन कशी होती?"

"चांगली घोरत होती," आई म्हणाली, आणि फोन माझ्या हातात देऊन आपली पिशवी शोधायला गेली.

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग मला दबक्या आवाजात म्हणाला, "काय रे, एसी बिघडला होता का?"